प्लास्टरमामांची बादली

हाडांच्या विभागात मला दोन महिने काढायचे होते. त्यातला पहिला आठवडा मी डोळे उघडे ठेवून झोपण्यात घालवला. परीक्षा संपल्या होत्या, पण पदवी हातात पडायची तर वर्षभर इंटर्नशिप करणं भाग होतं. इंटर्न हा रुग्णालयातला मोठा विचित्र प्राणी. रुग्ण त्याला डॉक्टर म्हणतात, डॉक्टर त्याला 'अगं ए' म्हणतात आणि लिफ्टवाला त्याला जिन्यानं जायला सांगतो. रक्त काढायचं, ते प्रयोगशाळेत पोचवायचं, हरवलेल्या एक्स-रे फिल्म शोधायच्या, ट्रॉली ढकलायच्या आणि मधे वेळ मिळाला तर वैद्यकशास्त्र शिकायचं. मला वेळ मिळाला की मी भिंतीला टेकायचे.

अशीच टेकलेली असताना मला प्लास्टरमामांनी पहिल्यांदा पाहिलं. मी तोंड वासून अशी जांभई दिली की माझा जबडा कटकन वाजला.

"हा सांधा निखळला तर आपल्याकडेच बसवायला यावं लागेल," एक आवाज आला. "या, आत या जांभईबाई."

तेव्हापासून त्या विभागात माझं नाव जांभई पडलं. रुग्णांसमोर मात्र ते मला न चुकता 'डॉक्टर' म्हणायचे, आणि तेही अहो-जाहो करून.

मामांची नेमणूक कक्षसेवक म्हणून झाली होती. म्हणजे कागदोपत्री त्यांनी ट्रॉल्या ढकलायच्या. पण एकतीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना प्लास्टरच्या खोलीत बादली धरायला उभं केलं, आणि ते तिथून हललेच नाहीत. आता त्या विभागातली निम्मी प्लास्टरं ते घालायचे आणि उरलेली निम्मी डॉक्टरांनी घातल्यावर कुणाचं लक्ष नाही असं बघून नीट करायचे. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. "शेवटच्या दिवशी शेवटचं प्लास्टर घालायचं, हात धुवायचे आणि घरी जायचं," असं ते दर दोन दिवसांनी म्हणायचे. त्यांना भीती होती ती एकाच गोष्टीची, केसपेपरच्या खिडकीची. त्यांच्या आधीचे प्लास्टरवाले, ज्यांच्या हाताखाली मामा शिकले, त्यांची नजर गेल्यावर त्यांना त्या खिडकीत बसवलं होतं. नाव विचारायचं, वय विचारायचं, कागद सरकवायचा. "दोन वर्षांत माणूस वाळला," मामा सांगायचे. "हाताला काम नाही म्हटल्यावर हात टेबलाखाली ठेवून बसायचे, पाहुण्याच्या घरी बसावं तसे."

प्लास्टरची खोली व्हरांड्याच्या टोकाला, तीन पायऱ्या उतरून होती. वर एकच खिडकी, तिला दुधी काच. रेक्झिन फाटलेलं टेबल, लोखंडी मांडणीवर प्लास्टरच्या पट्ट्यांचे रोल, भिंतीला टांगलेली कापायची करवत आणि कधीकाळी निळी असलेली, आता आतून-बाहेरून पांढरी झालेली बादली. बेसिनला दोन नळ होते. एक गार पाण्याचा, तो कायम सर्दी झाल्यासारखा ठिबकायचा. दुसरा निर्जंतुकीकरणाच्या खोलीतल्या बॉयलरवरून आलेला, त्याचा काही नेम नसायचा. कधी गारच, कधी चहा करावा इतका कडक.

प्लास्टरचं काम बघायला सोपं असतं. चुन्यासारखी पूड भरलेली पट्टी कोमट पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की हलकी पिळायची आणि हातापायाला गुंडाळायची. पाच-सात मिनिटांत ती घट्ट होते आणि घट्ट होताना आपली आपणच गरम होते. म्हणून पाणी कोमटच लागतं. ते गरम असलं तर प्लास्टर आणखी तापतं आणि आतली कातडी भाजते. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

नव्या इंटर्नसाठी मामांचा एक रिवाज होता. पहिल्या दिवशी ते प्रत्येकाच्या डाव्या हाताला, कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत, पक्कं प्लास्टर घालायचे. हात चांगला धडधाकट असताना! दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते काढायचं नाही. सकाळी करवत हातात घेऊन ते विचारायचे, "काय काय झालं ते सांग." काहीतरी खरं सांगितल्याशिवाय करवत चालू व्हायची नाही. माझ्या आधीच्या एका मुलानं म्हणे 'काही त्रास नाही झाला' असं सांगितलं, तर मामांनी त्याला तसंच आणखी एक दिवस फिरवलं.

मी सांगितलं की आत अशी खाज सुटली की मी फूटपट्टीनं खाजवायला गेले आणि ती आतच मोडली. आंघोळीला तासभर लागला. मी ताईकडे राहायचे, माझ्या थोरल्या बहिणीकडे. तिनं माझी वेणी घातली, मी सात वर्षांची असताना घालायची तशी, डोळ्यांत पाणी येईल इतकी घट्ट. आणि वर म्हणाली, "डॉक्टर झाली म्हणे!"

"आता तुला प्लास्टर घालता येईल," मामा म्हणाले आणि आतून फूटपट्टीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

त्यांची एकच शिकवण होती, ती ते दिवसातून दहादा सांगायचे. प्लास्टर घालून झालं की रुग्णाच्या बोटाचं नख दाबायचं. ते पांढरं होतं. सोडलं की गुलाबी रंग परत यायला हवा, लगेच. नाही आला तर प्लास्टर घट्ट झालंय, रक्त अडलंय. "बोटांना विचार, माणसाला नको," ते म्हणायचे. "माणूस भिडस्त असतो. डॉक्टरसमोर 'ठीक आहे' म्हणतो. बोटांना भीड नसते."

दुसऱ्या आठवड्यापासून मी मामांची लाडकी झाले, असं मला वाटू लागलं. कारण ते प्रत्येक वेळी मला बोलवायचे. "जांभई, पाण्यात हात घाल. कसं आहे?"

"कोमट."

"कोमट म्हणजे किती? बाळाला आंघोळ घालशील असं?"

"त्याहून थोडं कमी."

"मग ठीक. आता इथं बोट ठेव. हाडाची कड लागतेय का?"

"लागतेय."

"पुढे आलीय की मागे गेलीय?"

मी चाचपून सांगायचे, आणि ते माझ्या सांगण्यावर प्लास्टर दाबून बसवायचे. इतर इंटर्न बाहेर ट्रॉल्या ढकलत असायचे आणि मला इथं हाताला धरून शिकवलं जात होतं! मी ताईला घरी जाऊन फुशारकी मारली. ती म्हणाली, "मग भांडी पण त्यांच्याकडूनच शिकून ये."

मामांच्या हातातून कात्री पडायची. "म्हातारा झालो," ते म्हणायचे. काम करता करता मधेच ते दोन्ही हात जोरजोरात झटकायचे. प्लास्टरच्या खोलीत सगळ्यांचेच हात ओले असतात, सगळेच झटकतात. त्यात कुणाला काय वेगळं दिसणार?

पाचव्या आठवड्यातल्या त्या दिवशी मी आदल्या सकाळपासून कामावर होते. दुपारचे बारा वाजले होते. मला भूक लागली होती की झोप आली होती, तेही कळत नव्हतं. बाकावर एक शिवणवाल्या बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, गळ्यात अजून मापाची टेप. दुकानातला दिवा बदलायला स्टुलावर चढल्या आणि उजव्या मनगटावर पडल्या. मनगट मोडलं होतं.

रजिस्ट्रार घाईत होता. तो कायमच घाईत असायचा, जेवतानासुद्धा एक पाय दाराकडे ठेवून जेवायचा. त्यानं बाईंना हात सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, आणि अख्खा हात बधिर झाल्यावर हाड खेचून जागेवर बसवलं. "मामा, प्लास्टर," म्हणाला आणि पुढच्या रुग्णाकडे पळाला.

बादली भरायचं काम इंटर्नचं. मी गार नळ सोडला, तो ठिबकला. मी दुसरा सोडला आणि बेसिनच्या शेजारी भिंतीला डोकं टेकवलं. किती वेळ टेकवलं होतं ते मला सांगता येणार नाही. बादली भरून वाहायला लागल्याच्या आवाजानं मी जागी झाले, नळ बंद केला आणि बादली मामांच्या पायाशी ठेवली. मी पाण्यात हात घातला नाही. पाण्याला वाफ दिसत नव्हती.

एरवी मामांनी मला विचारलं असतं. पण त्या दिवशी मी बाईंची बोटं ताणून धरली होती, हाड जागेवरून हलू नये म्हणून. माझे दोन्ही हात अडकलेले होते. मामांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग बादलीत बोटांची टोकं बुडवली, मान हलवली आणि रोल आत टाकला. बाईंना काही कळलं नाही, त्यांचा हात बधिर होता. मला काही कळलं नाही, मी उभ्या उभ्या पेंगत होते. मामा प्लास्टर गुंडाळत राहिले, नेहमीसारखं सफाईनं, एकही सुरकुती न पडू देता. मग हात उशीवर ठेवला, सुकायला.

तीनच्या सुमाराला बाईंच्या हाताचा बधिरपणा उतरला. त्यांनी मला हाक मारली. "डॉक्टर, आत जळतंय हो."

मी बोटांना विचारलं. नख दाबलं, पांढरं झालं, सोडलं, गुलाबी झालं. अगदी मामांनी शिकवलं होतं तसं. "बोटं एकदम छान आहेत," मी म्हटलं. "प्लास्टर थोडं गरम होतंच."

"तुम्ही म्हणताय तर ठीक आहे," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मी पाच आठवडे रोज ऐकत होते. माणूस भिडेनं असंच बोलतो, हे मला दिवसातून दहादा सांगितलं गेलं होतं. तरी मी वळले आणि निघून गेले. आजही ते आठवलं की माझी मला लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

चार वाजता मामा घरी निघाले होते. डबा काखेत मारून व्हरांड्यातून जाताना त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि थांबले. काहीतरी विचारलं. मग डबा बाकावर ठेवला आणि करवत आणायला आत गेले. प्लास्टर उभं चिरलं, दोन्ही बाजूंनी उघडलं, आतला कापूस कापला. मनगटाच्या मागच्या बाजूला मोठे फोड आले होते, आणि एका जागी कातडी पांढरी पडली होती, रुपयाच्या नाण्याएवढी. मामांनी ती बघितली आणि बादलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला मोठ्या सरांच्या खोलीत बोलावलं. मोठे सर म्हणजे विभागाचे प्रमुख. रजिस्ट्रार, सिस्टर, मामा आणि मी रांगेनं उभे होतो. सरांच्या टेबलावर हाडांचा एक सांगाडा होता, त्याच्या कवटीवर कुणीतरी सरांचा चष्मा ठेवला होता. एरवी मला हसू आलं असतं.

"पाणी कुणी भरलं?" सरांनी विचारलं.

मी कबूल केलं असतं तर इंटर्नशिप लांबली असती, पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाची तारीख हुकली असती, अख्खं वर्ष गेलं असतं. हे सगळं मी त्या एका क्षणात मोजलं, आणि मूग गिळून उभी राहिले. खाली बघत फरशा मोजत होते.

"पाणी या इंटर्न डॉक्टरनं भरलं, सर," मामा म्हणाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे मामासुद्धा आपली कातडी वाचवणार! लाडकी म्हणे. मी मनातल्या मनात त्यांना जे जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"पण भरणारा कुणीही असू दे," मामा पुढे म्हणाले, "पट्टी भिजवणाऱ्यानं हात घालून बघायचं असतं. पोरगी तीस तास उभी होती. मी घरून झोपून आलो होतो. मी हात घातला. मला कळलं नाही."

"कळलं नाही म्हणजे?"

"बोटांना कळत नाही सर. दोन वर्षं होत आली."

रजिस्ट्रार दाराकडे बघायचा थांबला. सर उठून आले, त्यांनी मामांचा उजवा हात हातात घेतला आणि उताणा केला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसाचा उंचवटा असतो, तो मामांच्या हाताला नव्हताच. तिथं खळगा होता. सरांनी खिशातली पिन काढली, मामांना डोळे मिटायला सांगितलं आणि एकेका बोटाला टोचत गेले. मामा डोळे मिटून शांत उभे होते, अजून टोचायला सुरुवात व्हायची आहे असे.

सर माझ्याकडे वळले. "हे काय आहे?"

मी सांगितलं. मनगटातल्या अरुंद जागेत नस दबते, बोटं बधिर होतात, पकड जाते, वस्तू हातातून पडतात, अंगठ्याचा स्नायू सुकतो, मुंग्या घालवायला रुग्ण वारंवार हात झटकतो. पुस्तकात होतं तसं, त्याच क्रमानं. मला या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले होते.

"पाठ आहे तुला," सर म्हणाले. "यांच्याबरोबर किती दिवस काम करतेस?"

"पाच आठवडे, सर."

सर थोडा वेळ मामांचा हात तसाच धरून उभे राहिले. "मी बावीस वर्षं करतोय," ते म्हणाले, आणि हात सोडला.

तपासण्या झाल्या. नस दबली होतीच, शिवाय रक्तात साखर निघाली, बरीच जुनी. दबलेली नस छोट्या शस्त्रक्रियेनं मोकळी करता येते, पण साखरेनं नसा कुरतडल्या असतील तर त्याला इलाज नसतो. ठरलं ते असं. आधी साखर ताब्यात आणायची, मग उजव्या हाताची शस्त्रक्रिया. महिनाभरानं तपासायचं. बोटांना गरम-गार कळायला लागलं तर मामा प्लास्टरच्या खोलीत परत. नाहीतर उरलेले महिने केसपेपरच्या खिडकीत. मला त्या विभागात दोन आठवडे जास्त काढायला लागले, एवढ्यावर सुटले. आणि त्याच दिवशी दुपारी बादलीला दोरीनं एक थर्मामीटर बांधला गेला. एकतीस वर्षांत तो कुणाला सुचला नव्हता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मामी आल्या होत्या. मामांच्या मनगटाला आधाराची प्लास्टरची पट्टी मीच बांधली. आधी थर्मामीटर बघितला, मग पाण्यात हात घातला, मग पुन्हा थर्मामीटर बघितला. मामी शेजारी उभं राहून बघत होत्या.

"वर्षभर यांच्या शर्टाची बटणं मी लावतेय," त्या म्हणाल्या. "सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, लहान मुलासारखा. म्हटलं, अहो, हाडांच्या डॉक्टरांच्या घोळक्यात राहता, एकाला हात दाखवा. तर म्हणे, दाखवला की खिडकीत बसवतील."

"अगं, गप्प बस," मामा म्हणाले.

"का गप्प बसू? आणि तूच ना ती जांभई?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुझं फार कौतुक असतं घरी. म्हणतात, पोरीचा हात चांगला आहे, तिला बरोब्बर कळतं. म्हणून हल्ली तिच्याच हातानं बघतो."

पट्टी बांधता बांधता मी थांबले. म्हणजे ते मला शिकवत नव्हते. पाण्यात माझा हात घालायला लावायचे, हाडावर माझं बोट ठेवायला सांगायचे, ते सगळं त्यांना स्वतःला कळत नव्हतं म्हणून. मला फार वाईट वाटलं. आधी स्वतःबद्दल, लाडकी नसल्याबद्दल, हे कबूल करायला हवं. त्यांच्याबद्दल वाटायला जिना उतरून खाली जाईपर्यंत वेळ लागला. आणि खाली पोचल्यावर लक्षात आलं की त्यांना काय हवं होतं हे बाजूला ठेवलं, तरी मी शिकले होतेच.

ते चार आठवडे रटाळ गेले. मामांच्या जागी रोज कुणी ना कुणी यायचं. प्लास्टरं जाड व्हायची, सुरकुत्या पडायच्या, रुग्ण दुसऱ्या दिवशी परत यायचे. मामा रजेवर होते, पण दिवसाआड येऊन व्हरांड्यात बसायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्लास्टरकडे असे बघायचे की माझे कान लाल व्हायचे. शिवणवाल्या बाईंच्या हाताचं ड्रेसिंग दर तीन दिवसांनी होत होतं. फोड सुकले, पण तो पांढरा भाग भरायला वेळ लागत होता. त्या मला कधी रागावून बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "मशीनवर कापड सरकवायला हेच मनगट लागतं." मी ड्रेसिंग करत राहिले.

माझ्या शेवटच्या दिवशी मोठ्या सरांनी मला मामांचा कागद दिला. "तपासून लिहून आण. मी सही करतो."

मी प्लास्टरच्या खोलीत टेबलावर तीन वाडगे मांडले. एकात गार पाणी, एकात कोमट, एकात गरम. दार उघडंच होतं, बाहेरच्या बाकावर शिवणवाल्या बाई ड्रेसिंगसाठी थांबल्या होत्या. मामा स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. नवा कोरा शर्ट घालून आले होते. बटणं अर्थातच मामींनी लावली असणार.

मी ठरवून आले होते. त्यांना ते आठ महिने मिळायलाच हवेत, त्यातले आता साडेपाचच उरले होते. थर्मामीटर होता, बादली भरायला इंटर्न होते. मी त्यांची बोटं गरम पाण्यात बुडवली आणि हलकेच खोकले.

मामांनी मिटल्या डोळ्यांनीच मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "गरम."

"बरोबर!" मी लिहिलं. मग कोमट पाण्यात बोटं बुडवली, आणि खोकले नाही.

"कोमट."

"बरोबर!"

मामांनी डोळे उघडले. "सर्दी झालीय का गं?"

"नाही, मामा."

"मग खोकू नकोस. वाडगे फिरव आणि परत घाल." त्यांनी डोळे पुन्हा मिटले, घट्ट, कपाळाला आठ्या पडेपर्यंत.

मी वाडगे फिरवले. बोटं पाण्यात ठेवली. गार पाणी होतं, बर्फ टाकलेलं. माझ्याच बोटांना कळा यायला लागल्या. मामा वाट बघत होते. चेहऱ्यावर असा भाव होता जसं कुणीतरी लांबून हाक मारतंय आणि ती नीट ऐकू येत नाही.

"सांगा ना, मामा."

"पाणी आहे," ते म्हणाले. "ओलं आहे एवढं कळतंय. लिही, नाही कळत."

"मामा, साडेपाच महिने तर राहिलेत. पाणी काय, कोपर बुडवून पण बघता येतं. लहान बाळांच्या आया बघतात की नाही?"

"आणि आतलं हाड? तेही कोपरानं चाचपू?" त्यांनी हात पुसायला फडकं घेतलं, ते हातातून पडलं, पुन्हा उचललं. "तुझा हात उसना घेऊन महिना ढकलला. तू निघालीस. दुसरी कुणी येईल, तिचा घेईन. तिचे हात अडकलेले असतील त्या दिवशी काय?" त्यांनी मानेनं बाहेरच्या बाकाकडे खूण केली. "त्या बाईंच्या मनगटाकडे एकदा बघ, आणि मग काय लिहायचं ते लिही."

मी बघितलं. बाई आमच्याकडेच बघत होत्या आणि त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मी आधीच्या दोन ओळी खोडल्या आणि लिहिलं. अक्षर इतकं वाईट आलं की सर म्हणाले, खऱ्या डॉक्टरसारखं आलंय.

दहा-बारा दिवसांनी इंटर्नशिपच्या वहीवर एक शिक्का राहिला म्हणून मी पुन्हा तिकडे गेले. केसपेपरच्या खिडकीसमोर लांबलचक रांग होती आणि ती हलत नव्हती. लोक कुरकुरत होते. "नवीन माणूस बसवलाय, फार हळू आहे." मी रांगेतून पुढे डोकावले. जाळीच्या खालच्या फटीतून एका माणसानं कागद घ्यायला प्लास्टर घातलेला हात आत सरकवला होता. मामांनी कागद बाजूला ठेवला, त्या माणसाचं बोट धरलं, नख दाबलं आणि सोडलं. वाकून रंग परत यायची वाट पाहिली. रंग डोळ्यांनी बघायचा असतो, त्याला बोटांना काही कळावं लागत नाही. "ठीक आहे," ते म्हणाले आणि मग कागद दिला. त्याच्यामागे एक बाई होती, तिच्या हाताला प्लास्टर होतं. तिचंही नख दाबलं. रांग थांबली ती थांबली.

माझा नंबर आला. मी वही आत सरकवली. मामांनी वर न बघताच माझं बोट पकडलं.

"मला कुठे प्लास्टर आहे?"

"झोप होते का, जांभई?" त्यांनी नख दाबून सोडलं होतं आणि ते रंगाकडे बघत होते.

मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं हा माणूस सगळ्यांच्या बोटांना विचारत होता. मी जाळीखालून हात आणखी आत घातला, त्यांचा अंगठा धरला आणि नख दाबलं. पांढरं झालं. सोडलं, तसं गुलाबी झालं, लगेच.

"रंग येतोय, मामा."

"रंग येणारच," ते म्हणाले. "तू दाबलंस ते मात्र कळलं नाही. चल, हो पुढे, मागे रांग आहे."